परसांतील कोंबड्यांच्या पिलांवर श्वापदाचा घाला : तो ओळखावा कसा व टाळावा कसा

पावसानें ओढ दिली आणि शेताचें उत्पन्न बुडालें म्हणजे पुष्कळ घरांतील गृहिणी चार पैशांच्या आशेनें कोंबड्यांकडे वळते. गाई-म्हशींस चारा लागतो, शेळीस पाला लागतो आणि तो मिळेनासा झालेला असतो. परंतु मांसासाठीं वाढविण्याच्या जातीच्या पन्नास पिलांस दाणा, पाणी व निवारा मिळाला तर सहा-सात आठवड्यांत तीं विकण्याजोगीं होतात. म्हणूनच कित्येक सद्गृहस्थ आपल्या शेतावरील गड्यांस किंवा ओळखीच्या गरजू कुटुंबांस अशीं पिलें घेऊन देतात. पुढें एके दिवशीं निम्मीं पिलें मरून पडल्याची हकीकत कानीं येते, आणि ‘त्यांचें नशीब’ म्हणून देणारा व घेणारा दोघेहि स्वस्थ बसतात. त्या नशिबाला बहुधा चार बोटांएवढें भोंक असतें, असें आमचें मत एका प्रसंगावरून झालें. तो प्रसंग आधीं सांगतों.

सन २०१९ चा उन्हाळा होता. सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्यांत चारा-छावण्या उघडल्या होत्या. घरचे कर्ते पुरुष जनावरांबरोबर छावणींत मुक्कामास आणि घरीं बायका व म्हातारीं माणसें, अशी पुष्कळ घरांची स्थिति होती. कांहीं कामानिमित्त आम्ही त्या भागांत गेलों असतां एका विधवा बाईंच्या अंगणांत जमाव दिसला. बाईंनीं बचत गटाचें कर्ज काढून, खेड्यांत ज्यांना ‘बॉयलर’ म्हणतात त्या जातीचीं पन्नास पिलें आणलीं होतीं व तीं तीन आठवड्यांचीं झालीं होतीं. त्या सकाळीं टँकर आल्याची हाक ऐकून बाई पिलांना दाणा टाकून घागरी घेऊन रांगेंत गेल्या. दोन तासांनीं परत येऊन पाहतात तों खुराड्यांत तेवीस पिलें मेलेलीं व दोन नाहींशीं झालेलीं.

जमावाचा निकाल एकमुखी होता. रात्रीं रानमांजर येऊन गेलें, पहाटेच्या काळोखांत बाईंच्या तें ध्यानीं आलें नाहीं, आतां मेलेल्या पिलांत विष घालून ठेवावें म्हणजे तें परत येतांच मरेल, असें सर्व सांगूं लागले. आमचा धंदा वकिलीचा. सर्व साक्षीदार एकच बोलूं लागले म्हणजे उलटतपासणी करण्याची आम्हांस खोड. एका मेलेल्या पिलाच्या गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून पाहिली, ती टच्च भरलेली होती. दुसऱ्याची पाहिली, तीहि तशीच. रात्रभर अंधारांत बसलेल्या कोंबडीची ही पिशवी पहाटेपर्यंत रिकामी होते. अर्थात् बाईंनीं टाकलेला दाणा खाऊन झाल्यावर हीं पिलें मेलीं होतीं आणि घाला उजाडल्यावर पडला होता. मग एकेक पिलूं उचलून पाहिलें. तेवीसांपैकीं नऊ पिलांच्या मानेवर व डोक्याच्या मागें बारीक दातांच्या खुणा होत्या. बाकीच्या चौदांच्या अंगावर ओरखडाहि नव्हता. तीं सर्व एका कोपऱ्यांत एकावर एक रचल्यासारखीं पडलीं होतीं. खुराड्याच्या मागच्या बाजूस जाळी विटेवर नुसती टेकवलेली होती. तेथें ती सैल होऊन चार बोटांची फट पडली होती आणि तारेच्या टोंकाला करडे राठ केस अडकले होते. मुंगसाचे ते केस ओळखण्यास तेथें कोणा पंडिताची गरज नव्हती. मुंगूस हें दिवसा फिरणारें जनावर. माणूस दाराआड झाला कीं तें अंगणांत येतें.

आमचें म्हणणें लोकांस पटलें, पण रागाचें समाधान विषाशिवाय होईना. त्या रात्रीं कोणीतरी विष भरलेलें पिलूं ओढ्याच्या कांठीं ठेवलें. सकाळीं तेथें एका मेंढपाळाचा राखणीचा कुत्रा मरून पडला होता. तो तंटा चावडीवर चालू असतां, इकडे टँकरच्याच वेळेस तें मुंगूस त्याच फटींतून शिरून आणखी चार पिलें मारून गेलें. कारण विषाच्या गडबडींत फट बुजविण्याचें कोणास सुचलें नव्हतें. कुत्र्याची भरपाई गांवानें वर्गणी काढून केली. परंतु एकवीस पिलांच्या मालकिणीच्या डोक्यावर पन्नास पिलांचें कर्ज तसेंच राहिलें.

ह्या हकीकतींतील आंकडे वाचकांनीं पुनः एकदां पाहावे. पहिल्या सकाळीं मुंगसानें मारलेलीं व नेलेलीं मिळून अकरा पिलें; भीतीनें गुदमरून मेलेलीं चौदा. मांसाच्या जातीच्या पिलांचा हा विशेष आहे. गांवठी कोंबडी संकट दिसतांच फडफडून कौलावर किंवा झाडावर चढते. हीं पिलें अंगानें भराभर वाढतात. तीं जड, पायांनीं मंद आणि उडण्यास असमर्थ असतात. भय वाटलें म्हणजे तीं सर्व एका कोपऱ्यांत धांवतात व एकमेकांवर चढतात, आणि तळचीं थोड्याच वेळांत श्वास कोंडून मरतात. म्हणून ह्या जातीच्या पिलांच्या खुराड्यांत कोपरे ठेवूं नयेत, ही पहिली गोष्ट. बुरुडाकडून आणलेली हातभर उंचीची तट्टी आंतून गोलाकार उभी केली तरी काम भागतें. इतकी क्षुल्लक वस्तु, पण ती असती तर त्या चौदांपैकीं बहुतेक वांचलीं असतीं, असें आम्हांस वाटतें.

दुसरी गोष्ट, चोर ओळखल्याशिवाय कुलूप बसवितां येत नाहीं. प्रत्येक जनावराची तऱ्हा निराळी असल्यामुळें खुराड्याचा पंचनामा शांतपणें करावा, आणि तो झाडलोट करण्यापूर्वीं करावा. मानेवर दंश असलेलीं अनेक पिलें जागच्या जागीं मेलेलीं व फट लहान असेल, तर मुंगसाचा संशय घ्यावा; वेळ दिवसाची असेल तर तो बळावतो. आंत सांपडलेलीं पिलें भराभर मारीत जाणें आणि एखाददुसरेंच नेणें, हें बंदिस्त जागेंत शिरलेल्या पुष्कळ शिकारी जनावरांचें वर्तन आहे. त्यांत दुष्टपणा शोधूं नये. पिलांची फडफड थांबेपर्यंत त्यांचा मारण्याचा आवेग शमत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. रानमांजर बहुधा एक पिलूं उचलून झुडुपांत नेतें. पिसांची रांग लागते ती त्या दिशेनें. उदमांजर रात्रीं येतें व चढण्यांत पटाईत असल्यामुळें आढ्याकडून, कौलांच्या फटींतून उतरतें. मोकाट कुत्र्यांचा घाला सहज ओळखतां येतो. जाळी फाडलेली, माती उकरलेली, पिलें इतस्ततः फाडून टाकलेलीं, पण फारशीं खाल्लेलीं नसतात. घूस लहान पिलें बिळाकडे ओढते. पायांस कुरतडल्याच्या खुणा व भिंतीच्या पायथ्याशीं ताज्या मातीचा ढीग दिसतो. रक्त नाहीं, पीस नाहीं आणि पिलूं मात्र कमी, असें झालें तर सापाचा विचार करावा. पिलूं गिळून फुगलेला साप आलेल्या भोंकांतून परत जाऊं न शकल्यामुळें कित्येकदां आंतच कोपऱ्यांत सांपडतो, म्हणून अशा वेळीं आंत हात घालूं नये, गांवांतील सर्पमित्रास बोलवावें. उघड्यावर चरणारें पिलूं दिवसा एकेक करून जात असेल तर घार, शिक्रा किंवा कावळा. नुसत्या डोक्याविना धड सकाळीं मिळालें तर घुबडाकडेहि बोट जातें.

पंचनाम्याचें आणखी एक कारण आहे. मेलेल्या पिलांवर जखम मुळींच नाहीं, तीं कोपऱ्यांत ढिगानें न पडतां जागोजागीं पडलीं आहेत, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं संख्या वाढत आहे, असें दिसल्यास श्वापदाचा नाद सोडून तत्काळ पशुवैद्यकीय दवाखान्यांत वर्दी द्यावी. सन २००६ सालीं नंदुरबार जिल्ह्यांतील नवापूर येथें ज्या पक्षिज्वरानें कोंबड्या मेल्या तो भारतांतील कोंबड्यांमध्यें आढळलेला ह्या रोगाचा पहिला फैलाव होय. मानमोडी म्हणजे राणीखेत हा रोग तर आपल्याकडे जुनाच आहे. रोगाला मुंगूस समजून चार दिवस गमावले तर सबंध वाडीच्या कोंबड्या जातात.

आतां घाला पडल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत काय करावें तें सांगतों. सर्वांत आधीं भोंक बुजवावें, मग शोक करावा. दगड, विटा, पत्र्याचा तुकडा, जें हातीं येईल तें लावावें. कारण एकदां भक्ष्य मिळालेलें जनावर त्याच वाटेनें, पुष्कळदां त्याच वेळेस परत येतें. रात्र असेल तर आरडाओरडा करून प्रखर विजेऱ्या फिरवूं नयेत. अंधारांत ही जात स्वस्थ बसते. मंद उजेडांत हलक्या हातानें ढीग मोकळा करून पिलें अलग केलीं तर तळचीं कांहीं जिवंत निघतात. वांचलेलीं मोजावीं. खुराडें पक्कें होईपर्यंत तीं घरांत, पडवींत किंवा मोठ्या डालग्यांखालीं डालावीं; मात्र एका डालग्यांत दाटी करूं नये, उन्हाळ्यांत तीं उष्म्यानेंच मरतील. त्यांस सावली व थंड पाणी द्यावें. पाण्यांत थोडा गूळ व चिमूटभर मीठ घातल्यास घाबरलेलीं पिलें लवकर सावरतात. एक-दोन दिवस तीं दाणा कमी खातात, त्याची चिंता करूं नये.

जखमी पिलें लगेच वेगळीं ठेवावीं, कारण रक्त दिसलें कीं त्यांचेच सोबती त्यांना टोंचून मारतात. जखमेभोंवतींचीं पिसें कातरून ती कोमट मिठाच्या पाण्यानें धुवावी आणि आयोडीनचें औषध लावावें. माशी बसूं देऊं नये. उन्हाळ्यांत एका दिवसांत किडे पडतात. पोट किंवा दाण्याची पिशवी फाटलेल्या पिलास अकारण तडफडत ठेवण्यापेक्षां जाणत्या माणसाकडून त्याचा अंत करविणें दयेचें आहे. मेलेलीं पिलें, जखमेचीं असोत वा गुदमरलेलीं, खाऊं नयेत व बाजारांत तर मुळींच नेऊं नयेत. दोन-तीन फूट खोल खड्ड्यांत चुना टाकून पुरावीं. उकिरड्यावर टाकलेलें एक मढें पुढच्या रात्रीं दहा कुत्रे बोलावून आणतें. आणि ह्या धांवपळींत मुंगूस, मांजर किंवा कुत्रा माणसास चावला असेल, तर जखम साबणानें पंधरा मिनिटें वाहत्या पाण्याखालीं धुऊन त्याच दिवशीं सरकारी दवाखान्यांत पिसाळरोगाची लस घ्यावी. पिलें पुनः घेतां येतील.

विषाविषयीं व फासकीविषयीं दोन शब्द कायद्याचे लिहिणें आमच्या धंद्यामुळें आम्हांस प्राप्त आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमांत ‘शिकार’ ह्या शब्दाची व्याख्या विस्तृत आहे. बंदुकीनें मारणें तर तींत आहेच, पण पकडणें, फासे लावणें, विष घालणें आणि ह्यांपैकीं कशाचाहि प्रयत्न करणें हें सर्व तींत येतें. मुंगूस, रानमांजर, उदमांजर, कोल्हा, नाग, धामण, घार, शिक्रा हे सर्व त्या कायद्याच्या संरक्षणाखालीं आहेत. माणसाच्या जिवावर बेतलें असतां सद्भावनेनें केलेल्या बचावास कायद्यानें सूट दिली आहे; कोंबडी वांचविण्याकरितां ती सूट नाहीं. दुसऱ्याचें पाळीव जनावर विषानें मारल्यास तो निराळा गुन्हा. सन २०१९ सालीं त्यास भारतीय दंडसंहितेचें कलम ४२९ लागू होतें. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचें कलम ३२५ लागू आहे, आणि त्यांत पांच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. कर्जानें गांजलेल्या बाईस कोणी शेजारी सहानुभूतीनें विषाची पुडी आणून देतो, तेव्हां तो तिला फौजदारी खटल्याच्या उंबरठ्यावर नेऊन उभी करतो. शिवाय एक व्यावहारिक मुद्दा आहे. एक मुंगूस मेलें तर रिकाम्या झालेल्या मुलुखांत दुसरें येतें, आणि मुंगूस नाहींसें झालें कीं घुशी, उंदीर व त्यांच्या मागोमाग साप वाढतात. फट मात्र जागच्या जागीं असते.

तेव्हां खरा खर्च फटीवर करावा. बाजारांत ‘चिकन जाळी’ म्हणून जी षट्कोनी घरांची पातळ जाळी मिळते, ती कोंबडीला आंत ठेवण्यास पुरते, श्वापदाला बाहेर ठेवण्यास पुरत नाहीं. कुत्रा ती दातांनीं फाडतो आणि घूस तिच्या घरांतून शिरते. जमिनीपासून दोन फुटांपर्यंत अर्ध्या इंचाच्या घरांची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळी हवी. त्याच्या वर साधी जाळी चालेल. उकरणाऱ्या जनावरांसाठीं जाळी जमिनींत फूटभर पुरावी असें पुस्तकांत लिहिलेलें असतें. पण माणसारख्या मुलुखांत वीतभर खालीं मुरूम लागतो, तेथें खणण्यास पहार बोथट होते. अशा ठिकाणीं जाळी पायथ्याशीं बाहेरच्या बाजूस काटकोनांत वळवून दीड फूट जमिनीवर आडवी पसरावी व तिच्यावर दगड रचावे. जनावर भिंतीच्या अगदीं मुळाशीं उकरतें आणि तेथें त्याच्या पंजाखालीं जाळी येते. दीड फूट मागें सरून उकरण्याची बुद्धि त्यास सहसा होत नाहीं.

वरची बाजू उघडी ठेवूं नये. पत्रा असेल तर पत्रा व भिंत ह्यांमधील फटींस जाळी लावावी. प्लास्टिकचा कागद किंवा पोतीं ठोकून हवा बंद करूं नये. श्वापदाच्या भीतीनें चारी बाजू गच्च बंद केल्यामुळें वैशाखांतील दुपारीं सबंध खुराडें उष्म्यानें मेल्याचें उदाहरण आम्हांस ठाऊक आहे. पत्र्यावर पाचट पसरून तें ओलें ठेवावें. दुष्काळांत कडबा त्यासाठीं कोणी वापरणार नाहीं हें उघडच आहे. दाराला नुसती दोरी न बांधतां कडी-कोयंडा असावा. दाण्याचें पोतें खुराड्याशेजारीं न ठेवतां झांकणाच्या डब्यांत ठेवावें, म्हणजे उंदीर येणार नाहींत. सभोंवतींचीं झुडुपें दहा-बारा हात साफ करावीं, कारण उघड्या जागेवरून येण्यास मुंगूस व मांजर दोघेंहि कचरतात. रात्रभर दिवा ठेवणें, बुजगावणें उभें करणें, चकचकीत पट्ट्या टांगणें हे उपाय चार-आठ दिवस चालतात, मग जनावरास त्यांची ओळख होते. राखणीचा कुत्रा चांगला, मात्र तो कोंबड्यांत वाढलेला असावा. नाहींतर राखणदारच चोर ठरतो.

देणाऱ्यांनीं ध्यानांत घेण्याजोगा हिशेब फार सोपा आहे. मांसाच्या जातीच्या पूर्ण वाढीच्या पक्ष्यास सुमारें एक चौरस फूट जागा धरतात. पन्नास पक्ष्यांस दहा फूट लांब व पांच फूट रुंद खुराडें पुरतें. त्याचा घेर तीस फूट. दोन फूट उभी व दीड फूट आडवी मिळून साडेतीन फूट जाळी लागते, म्हणजे चार फूट रुंदीची तीस-बत्तीस फूट जाळी एका कुटुंबास बस्स होते. पिलें दर खेपेस नवीं घ्यावीं लागतात, जाळी कित्येक वर्षें टिकते. ज्या रकमेंत शंभर पिलें देण्याचा विचार असेल, तींत पन्नासच द्यावीं आणि उरलेल्या पैशांची जाळी, तट्टी व कडी-कोयंडा द्यावा, असें आमचें स्पष्ट मत आहे. अहवालांत वाटलेल्या पिलांचा आंकडा त्यामुळें निम्मा दिसेल हें खरें. लोखंडाच्या व्यापाऱ्यांस तर रोख देण्याचीहि गरज नाहीं. वखारींत उरणारे जाळीचे दहा-पंधरा फुटांचे तुकडे गिऱ्हाइकास नको असतात, तेच जोडून एक खुराडें होतें.

त्या बाईंचें खुराडें अशाच तुकड्यांनीं दुरुस्त झालें. मुंगूस नंतर कित्येक दिवस सकाळीं येऊन जाळीभोंवतीं फिरे, दगड हुंगून जाई, असें त्यांनीं आम्हांस सांगितलें. उरलेलीं एकवीस पिलें वाढलीं व विकलीं गेलीं. त्यांत कर्जाचा अर्धाहि भाग फिटला नाहीं, म्हणून दिवाळीच्या सुमारास बाईंनीं पुनः पन्नास पिलें आणलीं; टँकरच्या रांगेंत त्या आतां खुराड्याची किल्ली कमरेला अडकवून उभ्या राहतात.